चाफ म्हणजे भुसा, तूस, कोंडा की कुट्टी?

नाशिकमधल्या शेती अवजारांच्या एका दुकानासाठी माहितीपत्रकं मराठीत करणाऱ्या तरुणाचा प्रश्न आहे: "ताई, डिक्शनरीत 'चाफ'समोर भुसा, कोंडा, तूस, फोलपट असं सगळं एकाच ओळीत दिलंय. मग 'चाफ कटर'ला भुसा कापायचं यंत्र म्हणू का? हार्वेस्टरच्या पुस्तकात 'चाफर' आहे, ते काय? आणि लढाऊ विमानांच्या बातमीत 'चाफ सोडलं' असं वाचलं, त्याचा धान्याशी काय संबंध?" सोबत तीन वाक्यंही पाठवली आहेत. ती शेवटी घेते.

सातपूर, अंबड, सिन्नर भागातल्या कारखान्यांची मॅन्युअलं मराठीत करणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे हा शब्द मला वारंवार भेटतो. आधी थेट उत्तर देते. चाफ कटर म्हणजे कडबा कुट्टी यंत्र, त्याचा भुशाशी संबंध नाही. चाफर म्हणजे हार्वेस्टरची वरची चाळणी. विमानातून सोडतात ते चाफ म्हणजे रडारला चकवायचे धातूचा मुलामा दिलेले बारीक तंतू. आणि डिक्शनरीतली ती एक ओळ जशीच्या तशी घेऊ नका, कारण तिच्यातले चारही शब्द वेगवेगळ्या मालाचे आहेत आणि बाजारात त्यांचे भावही वेगळे आहेत.

मूळ अर्थ मळणीतला आहे. कणसातून दाणा सुटतो तेव्हा दाण्याभोवतीची पातळ आवरणं, कुसळं, देठाचे तुकडे असं हलकं काहीबाही त्याच्याबरोबर निघतं. पूर्वी खळ्यावर वावडीवर (उंच तिवईवर) उभं राहून पाटीतून ते वाऱ्यावर सोडायचे, दाणा खाली राशीत पडायचा आणि हलकं पुढे उडून जायचं. इंग्रजीत चाफ म्हणतात ते या उडून गेलेल्याला. आपल्याकडे भूस, भुसकट, फोल, फोलपट हे शब्द त्याच्या जवळचे. म्हणजे चाफ ही वस्तू शेतातली किंवा खळ्यावरची. मिलमध्ये किंवा गिरणीत जे निघतं त्याला इंग्रजीत सहसा हे नाव देत नाहीत. ही एक खूणगाठ बांधली तरी निम्मा घोळ मिटतो.

उरलेला निम्मा घोळ पिकामुळे होतो. निफाडच्या संशोधन केंद्राचे 'त्र्यंबक' किंवा 'तपोवन' हे गव्हाचे वाण घ्या. ओंबी हातात चोळली, फुंकर मारली की दाणा उघडा होतो. आवरण दाण्याला चिकटलेलं नसतं, मळणीतच गळून जातं. भाताचं तसं नाही. घोटी-इगतपुरीकडचं भात झोडपलं तरी दाणा आपल्या कवचातच राहतो. ते कवच दोन होड्या कडेला कडी अडकवून मिटल्यासारखं असतं. नखाने उघडायला गेलात तर नख दुखेल, आणि जिभेवर ठेवलंत तर खरखरीत लागेल, कारण त्यात सिलिका भरपूर असते. ते कवच निघतं थेट राइस मिलमध्ये. वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकात गव्हाच्या आणि भाताच्या या आवरणांना नावं तीच आहेत. पण एक शेतात सुटतं म्हणून चाफ झालं आणि दुसरं मिलमध्ये सुटतं म्हणून हस्क झालं. मराठीत पहिलं भुसकटात जातं, दुसरं तूस.

याला अपवादही आपल्याच जिल्ह्यात दिसतात. खपली गहू मळला तरी आवरण सोडत नाही, तो वेगळा सडावा लागतो. पेठ-सुरगाण्याकडची नागली मळणीतच मोकळी होते, पण वरई कवचासकट घरी येते आणि मग ती कांडण्याचं काम उरतं. म्हणून एखाद्या इंग्रजी पत्रकात 'मिलेट चाफ' असं मोघम दिसलं तर कुठलं मिलेट ते विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही.

आता तूस आणि कोंडा. इथे चूक झाली की पैशाचं नुकसान होतं, म्हणून जरा सावकाश सांगते. शंभर किलो भात मिलमध्ये टाकलं की ढोबळमानाने वीस किलो तूस निघतं. ते काढल्यावर आतला तांदूळ तपकिरी असतो. तो घासून पांढरा करताना जी मऊ, पिठूळ, किंचित तेलकट पूड निघते तो कोंडा. तो आठ-दहा किलोच्या आसपास भरतो. इंग्रजीत तुसाला हस्क किंवा हल म्हणतात आणि कोंड्याला ब्रॅन. तुसात जनावराला पचेल असं जवळपास काही नसतं. ते जळतं चांगलं, त्यामुळे बॉयलरला आणि वीटभट्टीला जातं. जळल्यावर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकी राख उरते आणि त्या राखेत बहुतांश सिलिकाच असते. कोंड्यात मात्र पंधरा ते वीस टक्के तेल असतं. राइस ब्रॅन ऑइल निघतं ते त्याचंच, आणि तेल काढून उरलेला माल पशुखाद्यात जातो. व्यापारी त्याला डीओआरबी (डी-ऑइल्ड राइस ब्रॅन) म्हणतात. ताजा कोंडा काही दिवसांतच खवट होतो, कारण मिलमधून निघाल्याबरोबर त्यातलं तेल विघटायला लागतं. तूस वर्षभर शेडमध्ये पडून राहिलं तरी काही होत नाही.

एवढा फरक असूनही आपल्याकडे दोन्हींना सर्रास 'भाताचा कोंडा' म्हणतात. याला लोकांचं अज्ञान कारण नाही, जुनी यंत्रं कारण आहेत. गावोगावच्या जुन्या हलर गिरणीत कवच काढणं आणि तांदूळ घासणं एकाच दांडीखाली होतं. तूस आणि कोंडा भरडून एकत्रच बाहेर पडतात. लोकांनी त्या मिश्रणाला कोंडा म्हटलं, आणि त्यांच्या हिशेबाने ते बरोबरच होतं, कारण निराळं तूस त्यांच्या डोळ्यांसमोर कधी येतच नव्हतं. रबर रोलचे शेलर आले तेव्हा एका नळीतून तूस आणि दुसरीतून कोंडा असा माल वेगळा पडायला लागला. वस्तू दोन झाल्या तरी तोंडातला शब्द एकच राहिला. म्हणून पत्रकात मी 'भाताचं तूस (कवच)' आणि 'तांदळाचा कोंडा (पॉलिश)' असं खुलासेवार लिहिते. जरा लांबतं, पण गोठ्यात चुकीची गोणी उतरत नाही. एका पशुखाद्याच्या पत्रकात 'राइस हस्क'चं मराठी 'कोंडा' केलेलं मी पाहिलं आहे. घटकांच्या यादीत ते वाचून माल चांगला दिसतो, प्रत्यक्षात गोणीत जागा भरणारं तूस असतं. हे निष्काळजीपणाने होतं की ठरवून, याबद्दल माझं मत आहे, पण ते इथे नको.

भुकेला कोंडा नि निजेला धोंडा, कोंड्याचा मांडा करणे, या आपल्या म्हणींतला कोंडा हाच, धान्याच्या आतल्या सालीचा, खाण्याजोगा. म्हणींमध्ये गरीब माणूस कोंडा खातो, तूस खात नाही. जुन्या लोकांना हा फरक पक्का ठाऊक होता.

भुसा हा आणखी निराळा. आपला मळणीयंत्रातला गव्हाचा भुसा म्हणजे नुसती ओंबीची आवरणं नसतात. आपल्याकडची थ्रेशर काडही आत ओढून कुटून काढतात, म्हणून भुशात बहुतेक भाग काडाचा आणि थोडा आवरणांचा असतो. इंग्रजीत काडाला स्ट्रॉ म्हणतात. त्यामुळे 'भुसा'चं इंग्रजी चाफ केलं तर अर्धवट होतं आणि 'चाफ'चं मराठी भुसा केलं तरी अर्धवटच होतं. कृषी विद्यापीठांच्या इंग्रजी लिखाणात तर सरळ 'भुसा' हाच शब्द रोमन अक्षरात लिहिलेला आढळतो. त्यांनी प्रश्न सोडवला, आपल्यालाही सोडवता येईल.

चाफ कटरचं गणित वेगळं आहे. इंग्लंडात घोड्यांना घालायला गवत आणि काड बारीक कापायचे, त्या कापलेल्या चाऱ्यालाही चाफ म्हणायला लागले. आजही तिकडे घोड्यांसाठी कापलेल्या लसूणघासाच्या पिशव्या चाफ म्हणूनच विकल्या जातात. म्हणजे इथे दाण्याच्या आवरणाचा काही संबंध उरला नाही, कापलेला चारा एवढाच अर्थ. आपल्याकडे याला फार नेमका शब्द आहे, कुट्टी. ज्वारीचा कडबा, बाजरीचं सरमड, मक्याची धांडं, उसाचे वाढे यांची करतात ती कुट्टी. अखंड कडबा टाकला तर जनावर पाला ओरबाडून खातं आणि जाड बुंधा तुडवून टाकतं. दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे केले की बुंधाही पोटात जातो. त्या यंत्राला 'भुसा कापणी यंत्र' लिहिलं तर सिन्नरचा शेतकरी हसेल आणि पुढच्या दुकानात जाईल. 'कडबा कुट्टी' लिहा. सरकारी योजनांच्या कागदांवरही हेच नाव असतं. आणि त्या पत्रकात सुरक्षेची सूचना तळाला बारीक अक्षरात टाकू नका. या यंत्रात बोटं आणि हात जाण्याचे अपघात खरोखर होतात. चारा आत ढकलायच्या तोंडाशी आणि रोलरजवळ हात नेऊ नये, पट्टा-चाकावर जाळी हवी, अडकलेला चारा बंद यंत्रातूनच काढावा, एवढं तरी वरच्या निम्म्या पानात आलं पाहिजे.

चाफरचं उत्तर छोटं आहे. कंबाइन हार्वेस्टरमध्ये मळलेला माल आधी एका वरच्या, मोठ्या फटींच्या चाळणीवर येतो. खालून पंखा वारा मारतो, भुसकट मागे उडतं, दाणा खाली पडतो, आणि दुसरी बारीक चाळणी तो आणखी साफ करते. वरची ती चाफर. 'वरची चाळणी' आणि 'खालची चाळणी' म्हटलं की ऑपरेटरला कळतं. तोही बोलताना तेच म्हणतो. वावडीवरचा माणूस जे वाऱ्याच्या जिवावर करायचा तेच इथे पंखा करतो, त्यामुळे 'विनोइंग फॅन'ला 'उपणणी पंखा' म्हणायला मला आवडतं. कारखान्यातल्या मंडळींनी मात्र तो शब्द खोडून 'पंखा' एवढंच ठेवलं.

शेतीतल्या इंग्रजी अहवालांत 'चाफी ग्रेन' दिसेल. ती आवरणं नव्हेत, ते पोचट दाणे. कवच आहे पण आत भरलंच नाही. भाताला फुलोऱ्यात फार उष्णता लागली किंवा लोंबीच्या मानेला करपा आला की असे दाणे वाढतात. बियाण्यातून ते काढायची जुनी युक्ती अजून चालते: दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भात सोडायचं, तरंगेल ते काढून टाकायचं, तळाशी राहील ते स्वच्छ पाण्याने धुऊन, सावलीत सुकवून पेरायचं.

आता विमानं. ओझरला 1964 पासून एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) विमान कारखाना आहे. तिथे मिग-21 बनली, पुढे सुखोई-30 एमकेआय, त्यामुळे नाशिककरांना हे विषय परके नाहीत. शत्रूचं रडार रेडिओ लहरी सोडतं आणि विमानावर आपटून परत आलेल्या लहरींवरून विमान कुठे आहे ते ओळखतं. विमानाने मागे लाखो बारीक धातुमय तंतू सोडले तर त्यांचा ढग रडारवर विमानासारखाच चमकतो आणि क्षेपणास्त्राला खरं लक्ष्य कुठलं ते कळेनासं होतं. हे तंतू म्हणजे चाफ. हलकं, हवेत तरंगणारं, वाऱ्याबरोबर पसरणारं, म्हणून धान्याच्या भुसकटावरून नाव पडलं.

यात गंमत लांबीची आहे. तंतू रडारच्या तरंगलांबीच्या निम्मा कापला की तो सगळ्यात जोरात लहर परतवतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या वुर्झबुर्ग रडारची तरंगलांबी साधारण 53 सेंटिमीटर होती. ब्रिटिशांनी काळ्या कागदावर अॅल्युमिनियमची वर्ख चिकटवून सुमारे 27 सेंटिमीटरच्या पट्ट्या कापल्या. हे काम ज्यांनी पुढे नेलं त्यांत जोन करन या भौतिकशास्त्रज्ञ बाईंचं नाव येतं. 1943 च्या जुलैत, 24 तारखेच्या रात्री हॅम्बुर्गवरच्या हल्ल्यात या पट्ट्या पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर टाकल्या आणि जर्मन रडार गोंधळून गेली. ब्रिटिशांकडे ही युक्ती त्याच्या बरीच आधी तयार होती. शत्रूला कळली तर तो आपल्यावरच उलटवेल, या भीतीने ती दाबून ठेवली होती. जर्मनांकडेही तीच युक्ती होती आणि त्यांनीही तीच भीती धरून ती लपवली होती. ब्रिटिशांचं सांकेतिक नाव 'विंडो', जर्मनांचं 'ड्युपेल'. अमेरिकनांनी 'चाफ' म्हटलं आणि तेच टिकलं.

हल्ली कागदी पट्ट्या नसतात, काचेच्या तंतूवर अॅल्युमिनियमचा मुलामा असतो. दहा गिगाहर्ट्झच्या रडारची तरंगलांबी तीन सेंटिमीटर, म्हणजे तंतू दीड सेंटिमीटरचा. एकाच काडतुसात वेगवेगळ्या लांबीचे तंतू भरतात, म्हणजे वेगवेगळी रडार चकवता येतात. नव्या रडारना मात्र नुसता ढग पुरत नाही, कारण सोडलेलं चाफ क्षणात हवेत थबकतं आणि विमान वेगात पुढे जातं, हा वेगातला फरक डॉप्लर रडारला दिसतो. म्हणून वैमानिक चाफ सोडतानाच दिशाही बदलतो. भारतात डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या जोधपूरच्या प्रयोगशाळेने तिच्याच पुण्याच्या एचईएमआरएल या प्रयोगशाळेसोबत हवाई दलासाठी नवं चाफ काडतूस विकसित केल्याचं 2021 च्या ऑगस्टमध्ये जाहीर झालं. नौदलासाठीचे चाफ रॉकेट त्याच वर्षी आधी आले होते. बातमीत बहुधा चाफच्या जोडीला 'फ्लेअर' असतो. ते निराळं: फ्लेअर जळतं आणि उष्णता शोधणाऱ्या क्षेपणास्त्राला फसवतं, चाफ जळत नाही आणि रडारला फसवतं. मराठीत मी 'चाफ (रडार चकवणारे तंतू)' असं पहिल्यांदा लिहून पुढे नुसतं 'चाफ' ठेवते. यंत्राकडून भाषांतर करून घ्याल तर 'भुसा काडतूस' हाती पडायची शक्यता आहे, जपून.

बाकीचे अर्थ भराभर सांगते. जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत माणसं एकमेकांना 'चाफ' करतात, म्हणजे टपल्या मारतात, थट्टा करतात, पण ती जिव्हारी लागणारी नसते. कॉफी भाजताना दाण्यावरची चंदेरी पातळ साल उडते, तिलाही चाफ म्हणतात. ती यंत्राच्या डब्यात साठून पेट घेऊ शकते, म्हणून रोस्टरच्या मॅन्युअलमध्ये डबा रोज रिकामा करायची सूचना असते. चाफिंच हा युरोपातला छोटा पक्षी, खळ्यावरच्या भुसकटात दाणे टिपतो म्हणून हे नाव. लग्नाच्या हॉलमधली चाफिंग डिश मात्र या कुळातली नाही, तिचं मूळ 'तापवणे' या अर्थाच्या फ्रेंच शब्दात आहे, स्पेलिंगही वेगळं आहे. केटरिंगवाल्याच्या यादीत तिला भुशाचं ताट करू नका. आणि मोबाइलवर 'चाफ' टाइप केलंत की तो आपणहून 'चाफा' करतो, पाठवण्याआधी एकदा बघा.

इंग्रजीत गहू आणि चाफ वेगळे करणे हा वाक्प्रचार बायबलमधून आला. मराठीत 'पाखडून घेणे' किंवा 'निवडून-पाखडून घेणे' पुरेसं आहे. नीरक्षीरविवेक संपादकीयात शोभतो, पत्रकात नाही. संगणकाच्या जगातही हा शब्द पोचला आहे: रॉन रिव्हेस्ट या संगणकशास्त्रज्ञाने 1998 मध्ये अशी पद्धत मांडली की खऱ्या संदेशाच्या तुकड्यांत खोटे तुकडे मिसळून द्यायचे आणि ज्याच्याकडे किल्ली आहे त्यालाच खरे ओळखता यावेत. नाव दिलं 'चाफिंग अँड विनोइंग'. उपणणी थेट गुप्तसंदेशात.

आता तुमची तीन वाक्यं.

पहिलं, "चाफ कटर ओल्या आणि सुक्या चाऱ्यासाठी योग्य." इथे लिहा: "ओल्या आणि सुक्या, दोन्ही चाऱ्याची कुट्टी करणारं यंत्र."

दुसरं, पोल्ट्रीच्या पत्रकातलं, "राइस हस्कचा दोन ते तीन इंचांचा थर अंथरा." तुम्ही कोंडा लिहिलं आहे, ते बदलून "भाताच्या तुसाचा" करा. कोंडा अंथरला तर तो महाग पडेल, ओल धरेल, बुरशी येईल, आणि कोंबड्या तो खातीलही.

तिसरं हार्वेस्टरचं, "पंख्याचा वेग जास्त ठेवल्यास धान्य चाफबरोबर वाया जाते." "पंखा जास्त जोरात ठेवला तर दाणेही भुसकटाबरोबर मागून उडून जातात" हे गव्हासाठी चालेल. पण दुकानदाराला विचारा, हे मशीन आपल्या भागात मुख्यतः कशासाठी विकलं जाणार आहे. सोयाबीनसाठी असेल तर भुसकटाऐवजी "शेंगांच्या फोलपटांबरोबर" लिहा, आणि पंख्याच्या वेगाचा आकडा गव्हाच्या तक्त्यातून उचलू नका, सोयाबीनच्या तक्त्यातून घ्या.